दणक्याला पुरून उरणारा दिवा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
ओपल मावशी गेली. खुराड्याच्या दारात पिसं पडलीत, बाकी काही नाही. रॅकूनचंच काम, त्या काळ्या मुखवट्याच्या चोराचं. चिखलात पंजे उमटलेत, लहान मुलाच्या हातासारखे. नालायक.

लव्हॉन मागच्या पायरीवर बसून रडली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बायको रडायला लागली की हात कुठे ठेवायचे हे मला अजून कळत नाही. या करड्या पट्ट्यांच्या कोंबड्या तिच्या आईच्या. म्हणजे आईच्या कोंबड्यांच्या लेकी, नाती, पणत्या. सासूबाई गेल्या तेव्हा तिच्या भावानं, मर्लनं, ट्रॅक्टर घेतला आणि हिनं कोंबड्या मागितल्या. एकेकीला आईच्या एकेका बहिणीचं नाव. म्हणून सगळ्या मावश्या. हा वंश आता आपल्या परसाखेरीज जगात कुठे नाही, असं म्हणून परत रडली. अकरा होत्या, दहा उरल्या. शिवाय डीकन, म्हणजे कोंबडा. तो पहाटे सगळ्यांना उपदेश करतो, म्हणून डीकन, चर्चमधल्या उपदेशकासारखा.

मी शब्द दिला. आता एकही जाणार नाही. हार्लन टीटरचा शब्द. एकतीस वर्षं वीज सोसायटीत लाइनमन होतो. या ओझार्कच्या डोंगरात घराघरांत उजेड पोचवलाय. अंधाराशी कसं वागायचं ते मला कुणी शिकवू नये.

ठराव: बापाच्या पंप शॉटगनवर टॉर्च बसवायचा. एकदम टिकाऊ. नोकरीत रोजची नोंद लिहायची सवय होती, तशीच या मोहिमेची इथे लिहीन. कुणाला दाखवणार नाही.

४ मार्च
लव्हॉननं न्याहारीच्या आधीच खुराड्याच्या दाराला नवी कडी लावली. स्प्रिंगची. आधी दाबायची, मग उचलायची. रॅकूनला ते जमत नाही म्हणे. बैल गेला आणि झोपा केला. बायकांना वाटतं कड्यांनी प्रश्न सुटतात.

६ मार्च
टॉर्चचा अभ्यास सुरू. विषय वाटतो त्यापेक्षा फार खोल आहे. नुसता उजेड किती हे बघून चालत नाही, तो लांब किती जातो हे वेगळं. शिवाय बंदुकीचा दणका. बारा बोअरच्या एका बारात साध्या टॉर्चची आतडी बाहेर येतात. पाणी, धूळ, थंडी हे आणखी निराळं. इंटरनेटवर एक माणूस आहे, तो टॉर्च सिमेंटमध्ये पुरतो आणि फोडून काढून पेटवतो. रात्री दोनपर्यंत त्याचे व्हिडिओ बघितले. असे लोक आहेत म्हणून हा देश चाललाय.

९ मार्च, रविवार
चर्चनंतर मर्ल घरी आला. मर्लकडे रॅकून हुडकणारे दोन कुत्रे आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत. मी त्याला ल्युमेनचं, म्हणजे उजेडाच्या मापाचं, समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, हार्लन, तुला रॅकून मारायचाय की त्याचा एक्स-रे काढायचाय? लव्हॉन हसली. भावाच्या विनोदाला ती नेहमीच हसते. माझ्या विनोदाला १९९४ साली हसली होती.

१३ मार्च
दहा दिवसांत एकही कोंबडी गेली नाही. शत्रू बिथरलाय. माझी तयारी त्याच्या कानावर गेली असणार. प्राण्यांना कळतं.

लव्हॉन म्हणाली, कडीमुळे. मी मान डोलावली. लहान माणसाचं मन मोडू नये.

१४ मार्च. संध्याकाळी
टॉर्च क्रमांक एक आला! खोक्यावर एक लाख ल्युमेन लिहिलंय. स्वस्त आहे, पण स्वस्त म्हणजे वाईट हा श्रीमंतांचा प्रचार. पाच प्रकारे पेटतो: मोठा, मध्यम, मंद, लुकलुक आणि एक असा की त्यात समुद्रावर मदत मागता येते. इथून समुद्र हजार किलोमीटर आहे. तरी असू दे.

बंदुकीला रबरी पट्ट्यांनी बांधला.

त्याच दिवशी, रात्री ९.५०
चाचणी. बंदूक रिकामी, तीनदा तपासली. नियम म्हणजे नियम. खुराड्यात शिरलो. माणूस उभा राहील एवढी ऐसपैस खोली आहे, मीच बांधलीय. उजेड कोपऱ्यापर्यंत पोचतो का, अंडी घालायच्या पेट्यांमागे सावली किती पडते, सगळं पाहिलं. कोंबड्या डोळे मिचकावत माझ्याकडे बघत होत्या. त्यांना धीर दिला. दोन्ही हातांत बंदूक, म्हणून निघताना दार कोपरानं लोटलं. निकाल समाधानकारक.

१५ मार्च
फर्न मावशी गेली.

हे अशक्य आहे. काल संध्याकाळी लव्हॉननं स्वतः कडी लावली होती, ती शपथ घेऊन सांगते. आणि आज सकाळी दार सताड उघडं. म्हणजे हा रॅकून स्प्रिंगची कडी उघडायला शिकला. दाबायची, मग उचलायची. दहा दिवस गप्प होता तो अभ्यास करत होता!

हा साधा प्राणी नाही. लव्हॉनला सांगितलं, बघ, तुझ्या कडीचं काय झालं ते. ती कडी नुसती उघड-मीट, उघड-मीट करत बसली.

१६ मार्च, रविवार
मर्लच्या खडीच्या खाणीत टॉर्चची बंदुकीसह परीक्षा. पहिला बार: मोठा उजेड आपोआप लुकलुकीवर गेला. मर्लचे दोन्ही कुत्रे पिकअपखाली शिरले आणि बाहेर येईनात. दुसरा बार: टॉर्चचं डोकं सुटलं आणि डबक्यात पडलं. डबक्याच्या तळाशी बराच वेळ पेटलेलं दिसत होतं.

मर्ल म्हणाला, मासे पकडायला उत्तम. पाण्यानं बिघडत नाही हे मात्र सिद्ध झालं, ते त्याला कबूल करावं लागलं.

१९ मार्च
बर्टच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. बर्ट काउंटरवर कोपरं टेकून उभा असतो, त्याला कुठलीही घाई नसते. मी म्हटलं, टिकाऊ दाखव. त्यानं विचारलं, कशासाठी? मी सगळी हकिगत सांगितली. त्यानं विचारलं, कडी कशी आहे? मी म्हटलं, बर्ट, मी कड्यांच्या दुकानात आलोय का?

टॉर्च क्रमांक दोन घेतला. ॲल्युमिनियमचा, जड, हातात घेतला की माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. किंमत इथे लिहीत नाही.

२० मार्च
टिकाऊपणाच्या घरगुती चाचण्या:
शिडीवरून टाकला. पास.
फ्रीझरमध्ये रात्रभर, मासळीच्या पाकिटाखाली. पास. जरा वास येतो.
लोणच्याच्या बरणीत दोन तास. पास.
माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशात घालून कपड्यांच्या मशीनमध्ये. टॉर्च पास. मशीन आता चालू झालं की ठकठक करतं.
पिकअपचं चाक वरून नेलं. पास! अंगणात मोठ्यानं ओरडलो. लव्हॉन खिडकीतून म्हणाली, झालं का तुझं? बिस्किटं थंड होताहेत.

मशीनबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.

२२ मार्च
बापाच्या बंदुकीवर टॉर्च बसवायला जागाच नाही. १९६१ सालची आहे, तेव्हा माणसांना अंधारात दिसत असे. बर्टनं दाखवलेली पकड नळीला सैल होते. शेवटी लाइनमनची काळी टेप. अर्धं रीळ. या टेपनं मी बर्फाच्या वादळात तारा बांधल्यात. दिसायला बरं नाही, लव्हॉन म्हणाली बंदुकीचा पाय मोडल्यासारखा दिसतोय. पण हलवून बघा म्हणावं.

रात्री ९.१५ ला खुराड्यात चाचणी. रिकामी बंदूक, तीनदा तपासली. उजेड पिवळट नाही, पांढराशुभ्र. आयडा मावशीच्या डोळ्यात माझं प्रतिबिंब दिसलं. सगळ्यांना सांगितलं, बायांनो, निर्धास्त झोपा. बंदूक आता जड झालीय, दोन्ही हात लागतात. दार कोपरानं.

२३ मार्च, रविवार
आयडा. आणि मे.

सात उरल्या. लव्हॉन आज चर्चमध्ये गाणं म्हणायला उभी राहिली आणि मध्येच खाली बसली.

मी माझ्या चाचणीच्या वेळा आणि रॅकूनच्या हल्ल्याच्या वेळा ताडून पाहिल्या. दोन्ही वेळा मी चाचणी केली त्याच रात्री हल्ला झाला. योगायोग नाही. तो माझ्यावर पाळत ठेवून आहे. मला मुद्दाम खिजवतोय. हे प्रकरण आता वैयक्तिक झालंय.

२५ मार्च
खाणीत बार काढला. टेप हलली नाही, टॉर्च हलला नाही. फक्त विझला. कायमचा. पिकअपखाली तगला, बारापुढे गेला.

बर्ट म्हणतो, बाहेरून मार खाणं वेगळं आणि आतून दणका बसणं वेगळं. बंदुकीच्या टॉर्चला आत सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग लागते. हे तू आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, मी सांगत होतो, तू पिकअपचं बोलत होतास.

डार्लाचा फोन. डार्ला आमची मुलगी, तालुक्याच्या गावात राहते, शेरीफच्या ऑफिसात फोन घेते. म्हणाली, बाबा, आईसाठी काहीतरी करा, तिचा आवाज बरा येत नाहीये. काहीतरी करा! मी दुसरं करतोय काय?

२९ मार्च. सायंकाळी ५
टॉर्च क्रमांक तीन आला. हाच तो. काय वस्तू आहे! आत दोन्हीकडे स्प्रिंग, बटण एकच, प्रकार एकच: पेटतो किंवा विझतो. मला अशीच माणसंही आवडतात. पकड खास जुन्या नळ्यांसाठीची. स्क्रूंना तो निळा गोंद लावला, जन्मात सुटू नयेत म्हणून. किंमत लिहिणं शक्यच नाही.

रात्री ८.३०
एक प्रसंग घडला.

साडेसातला, अंधार पडता पडता, खुराड्यात काहीतरी हललं. मी मागच्या पडवीत बंदूक पुसत बसलो होतो. रिकामी. उचलली, रोखली, बटण दाबलं. उजेडात लव्हॉन उभी. हातात अंड्यांची टोपली.

टोपली पडली. ती किंचाळली नाही. चालत माझ्यापर्यंत आली, स्वतःच्या बोटानं टॉर्च बंद केला आणि अगदी हळू म्हणाली, हार्लन, दिवा बंदुकीवर लावलास की जे जे बघशील त्याच्यावर नेम धरशील. आत गेली.

रिकामी होती. तीनदा तपासली होती. हे मी तिला बंद दारातून चार वेळा सांगितलं.

लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

३० मार्च, रविवार
अबोला. तरी एक गोष्ट न्यायानं नोंदवली पाहिजे: उजेड उत्तम पडला होता. तीस मीटरवरून तिच्या भुवया मोजता आल्या.

१ एप्रिल
लव्हॉन बोलली. बंदूक घेऊन खुराड्याकडे जायचं नाही, एवढंच. मी म्हटलं, बरं.

नीट विचार केला. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा की ती अंडी गोळा करत असेल तेव्हा जायचं नाही. ती दहाला झोपते. दहानंतर खुराड्याकडे कुणी माणूस नसतं. म्हणजे दहानंतर हरकत नाही. बायकोच्या शब्दामागचा हेतू समजून घेणं यालाच संसार म्हणतात.

२ एप्रिल
खाणीत पंचवीस बार. पंचवीस! टॉर्च पेटता तो पेटता. मर्लसुद्धा गप्प झाला. मग म्हणाला, खांद्याला बर्फ लाव. लावला. उजवा हात वर जात नाही, पण मान ताठ आहे.

४ एप्रिल. रात्री ११.१०
अंतिम चाचणी, प्रत्यक्ष जागेवर. या उजेडात मला खुराड्याच्या फळीवरची १९८९ सालची माझी पेन्सिलची खूण दिसली. कोंबड्यांना सांगितलं, बायांनो, आता काळजीचं कारण नाही, दिवा आला. डीकननं पहाट झाली समजून बांग दिली. लव्हॉन उठेल म्हणून लगबगीनं निघालो.

आज झोप लागेल.

५ एप्रिल
पर्ल, लॉटी, नेल. तीन.

चार उरल्या. लव्हॉन रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. खोकं आणलं, चारही कोंबड्या आणि डीकनला त्यात घातलं आणि कपडे धुवायच्या खोलीत नेऊन ठेवलं. मला म्हणाली, तुझ्या बंदोबस्तात माझ्या सहा मावश्या गेल्या हार्लन. आईनं चाळीस वर्षं सांभाळल्या, दाराच्या एका गंजक्या खिळ्यावर.

मी म्हटलं, तेव्हाचे रॅकून साधे होते.

७ एप्रिल
डीकन पहाटे ४.१० ला धुण्याच्या खोलीत बांग देतो. भिंत माझ्या डोक्यामागे. घराला वास. मशीनची ठकठक लव्हॉनला कळली.

९ एप्रिल
चार रात्री काही झालं नाही. साहजिक आहे, कोंबड्या घरात आहेत. पण असं भिऊन राहायचं? रॅकूननं आम्हाला आमच्याच अंगणातून हाकललं! या घराण्यात कुणी माघार घेतलेली नाही. आजोबांनी रेल्वेशी भांडण केलं होतं. हरले, पण केलं.

लव्हॉनला सांगितलं, शनिवारी कोंबड्या परत खुराड्यात. माझी जबाबदारी. ती या आठवड्याची अंडी टोपलीत रचत होती, एकेकावर पेन्सिलनं नाव लिहून. कुठलं कुणाचं हे तिला रंगावरून कळतं. मान वर न करता म्हणाली, शनिवारी ठेवीन. आधी डार्लाशी बोलते.

मुलीशी कशाला बोलायचं ते कळलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार
कोंबड्या खुराड्यात. कडी लव्हॉननं लावली, मी पाहिली, डार्लानंही पाहिली. डार्ला दुपारपासून आलीय. अक्रोडाच्या झाडाशी बराच वेळ काहीतरी करत होती. घरटं बघत असावी. लहानपणापासून तिला पक्ष्यांचं वेड.

रात्री ११.३०
जाऊन आलो. फक्त बघायला. थंडी होती. मी लाल लोकरीच्या आतल्या कपड्यांत, वर रबरी बूट, हातात बंदूक. रिकामी, तीनदा. सगळं ठीक. बायांनो, निर्धास्त झोपा. बूट चिखलात रुतला, पण मी आवाज केला नाही.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी ३
व्हेस्टा आणि कोरा गेल्या. दोनच उरल्या, बर्निस आणि हेझल.

जेवायला मर्ल आणि त्याची बायको होती. मटणाचा रस्सा, बटाटे. कुणी फारसं जेवत नव्हतं. मी म्हटलं, आता तरी पटलं का की हा रॅकून वेगळ्याच दर्जाचा आहे? तेव्हा डार्ला उठली आणि तिनं टीव्हीला काहीतरी जोडलं. हरणं बघायला झाडाला बांधतात तो कॅमेरा. अक्रोडाच्या झाडावर होता.

११.१९: कडी लागलेली. स्पष्ट.
११.२१: मी. लाल कपडे. कडी दाबतो, उचलतो, आत जातो.
११.२६: मी बाहेर. दोन्ही हातांत बंदूक. कोपरानं दार लोटतो. दार चौकटीला लागतं आणि हळूहळू परत उघडतं. मी चालू लागलेलो. बूट रुततो. एका पायावर नाचतो.
११.३३: रॅकून. लठ्ठ, म्हातारी मादी. चालत येते. घाई नाही. उंबऱ्यावर थांबून पाय झटकते आणि आत जाते.

मर्लनं तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, हिला काय अभ्यास करायचाय, ही तर पाहुणी आलीय. मर्लच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

मी म्हटलं, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल. मग म्हटलं, दाराच्या बिजागऱ्या सैल आहेत, दारालाही काही जबाबदारी असते. डार्ला म्हणाली, बाबा, बस.

लव्हॉन ताटं उचलत होती. माझं ताट उचललं तेव्हा माझ्या खांद्याला हात लावला, तो दुखरा खांदा. काही म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

रात्री ९
उत्तर काय होतं ते आता आठवत नाही.

फर्न, आयडा, मे, पर्ल, लॉटी, नेल, व्हेस्टा, कोरा. आठ. त्यातली एकही रॅकूननं नाही नेली. मी दार उघडून दिलं. शब्दही मीच दिला होता.

१४ एप्रिल
मात्र हे लक्षात घेतलं पाहिजे की टॉर्चचा यात काहीही दोष नाही. टॉर्च पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे.

१६ एप्रिल
बर्निस खुडूक बसली. तीन दिवस पेटीतून उठत नाही, हात नेला की फुगते आणि टोचते. लव्हॉननं धुण्याच्या खोलीतल्या आठवड्याची बारा अंडी आणून तिच्याखाली ठेवली. त्यातली पाच व्हेस्टा आणि कोराची. त्या गेल्या, अंडी आहेत. म्हणाली, ही उबली तर आई आहे, नाही उबली तर संपलं.

मी मदत करू का विचारलं. म्हणाली, उभा राहा तिथेच. उभा राहिलो. कडी तिनं लावली.

२० एप्रिल, ईस्टर
तो व्हिडिओ डार्लानं फक्त मर्लला पाठवला होता. मर्लनं फक्त चर्चच्या ग्रुपवर टाकला. जेवणाच्या रांगेत पास्टर म्हणाले, हार्लन, आज येशूच्या कबरीवरचा दगड कुणी बाजूला सारला ते आम्हाला ठाऊक आहे, दार उघडं ठेवायची सवय तुझीच. सगळे हसले. डेव्हिल्ड एगच्या, म्हणजे मसाला भरलेल्या उकडलेल्या अंड्यांच्या, थाळीपुढे मी ताठ उभा राहिलो आणि सहा खाल्ली.

बर्ट जवळ येऊन म्हणाला, टॉर्च परत घेऊ का? खोकं असेल तर. मी म्हटलं, अजिबात नाही. या तालुक्यात याच्याइतका नीट पारखून घेतलेला टॉर्च दुसऱ्या कुणाकडे नाही. तो म्हणाला, ते खरंय.

२४ एप्रिल, गुरुवार. रात्री ९.२०
अंडी उबवायला ठेवली की आठव्या दिवशी उजेडावर धरून बघतात, आत जीव धरलाय की नाही. सासूबाईंचा त्यासाठी पत्र्याचा डबा होता, आत बल्ब. उंदरांनी वायर खाल्लीय. मी म्हटलं, मी जोडून देतो, माझं कामच ते. लव्हॉन म्हणाली, वेळ नाही, बर्निस फार वेळ अंडी सोडत नाही. मग म्हणाली, तुझा तो दिवा आण. बंदुकीशिवाय.

निळ्या गोंदानं बसवलेला. जन्मात सुटू नये म्हणून. पाऊण तास, दोन पाने आणि हेअर ड्रायर. पकड वाकली तेव्हा सुटला. बापाच्या नळीवर एक ओरखडा राहिला.

कोठीघरात दिवे मालवून बसलो. टॉर्चच्या तोंडाला टॉयलेट पेपरचं रिकामं नळकांडं लावलं, त्याच्यावर अंडं. मी टॉर्च धरायचा, ती अंडं फिरवणार. पहिल्यांदा बटण दाबलं तर अख्खी कोठी पांढरी झाली. ती म्हणाली, हळू रे. मी म्हटलं, याला हळू नाही. मग तिनं नळकांड्यात माझा मोजा कोंबला.

पहिलं अंडं रिकामं. पिवळं, स्वच्छ. दुसरंही. मला टॉर्च सोडून पळून जावंसं वाटलं.

तिसऱ्यावर कोराचं नाव. उजेडात लाल झालं आणि आत बारीक बारीक तांबड्या शिरा दिसल्या, झाडाच्या मुळांसारख्या. मधोमध एक ठिपका. तो ठिपका हलत होता. एकतीस वर्षं उजेड पोचवला, पण त्यात काय दिसतं ते कधी थांबून बघितलं नव्हतं. माझा हात हलला. लव्हॉननं मनगट धरलं. म्हणाली, स्थिर धर. दिसतंय मला. रडतेयस का विचारलं, तर म्हणाली, तू रडतोयस.

नऊ. बारापैकी नऊ जिवंत. व्हेस्टाची दोन, कोराची दोन.

मी म्हटलं, टॉर्च योग्यच निवडला होता. ती म्हणाली, हो हार्लन. तिसऱ्या वेळी.

मीच अंडी घेऊन गेलो. टोपली डाव्या हातात, टॉर्च दातात. बर्निसनं टोचलं. बायांनो वगैरे काही म्हटलं नाही. बाहेर आलो, उजव्या हातानं कडी लावली. पायरीपर्यंत आलो, परत गेलो, ओढून पाहिली. लागलेली होती.